कानातली फट : स्वस्त इअरफोन निवडण्यापूर्वी वाचावा असा इतिहास

१/
प्रवासात ऐकण्यासाठी स्वस्तातले इअरफोन घ्यायला गेलेल्या ग्राहकापुढे आज खोक्यांची रास मांडली जाते. खोक्यावर पडद्याचा व्यास मिलिमीटरमध्ये छापलेला असतो, ‘एक्स्ट्रा बेस’ असतो, बॅटरीचे तास असतात. खोक्याच्या तळाशी एका लहानशा पुडीत रबरी टोप्यांच्या दोन-तीन जोड्या असतात. बहुतेक जण ती पुडी न उघडताच बाजूला ठेवतात. आजचा धागा त्या पुडीविषयी आहे. चालता-फिरता ऐकण्याच्या इतिहासात जे जे बिघडले आणि जे जे सुधारले, त्याचा मोठा भाग या रबराच्या तुकड्याभोवती फिरतो.

२/
प्रथम संज्ञा स्पष्ट करू. कानाशी लावायच्या साधनांचे तीन प्रकार आहेत. डोक्यावरून पट्टी जाऊन कान झाकणारे ते हेडफोन. कानाच्या बाहेरच्या खोबणीत नुसते टेकणारे ते इअरबड. रबर किंवा फोमची टोपी लावून थेट कर्णनलिकेच्या तोंडात बसणारे ते ‘इन-इअर’. दुसरा आणि तिसरा प्रकार दिसायला भाऊ-भाऊ. पण एकात कान उघडा राहतो आणि दुसऱ्यात बंद होतो. आपल्या कथेचा सारा संघर्ष या उघड्या आणि बंद कानातला आहे.

३/
कानात नळी घालून संगीत ऐकण्याची सार्वजनिक सुरुवात बॅटरीच्या किंवा विजेच्या इअरफोनने झाली नाही. २३ नोव्हेंबर १८८९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील पॅले रॉयल या मद्यगृहात लुई ग्लास यांनी नाणे टाकून चालणारा फोनोग्राफ ठेवला. कर्णे नव्हते, वैद्याच्या स्टेथोस्कोपसारख्या नळ्या कानात घालून ऐकायचे. एका वेळी अनेकांना ऐकता यावे म्हणून नळ्या एकाहून अधिक होत्या. आधीच्या माणसाने वापरलेली नळी पुसून घेण्यासाठी रुमालही ठेवलेले असत. खासगी श्रवणाचा हा पहिला बाजार भरगर्दीत आणि गोंगाटात भरला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

४/
त्याआधी, १८८१ मध्ये, पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर यांनी ऑपेरागृहातील गायन तारेने आणून प्रेक्षकांना ऐकवले होते. दोन कानांना दोन स्वतंत्र ध्वनिग्राहक लावल्यामुळे रंगमंचावर गायक कोठे उभा आहे, याचाही भास होई. १८९० मध्ये या कल्पनेची ‘थिएट्रोफोन’ नावाची व्यावसायिक सेवा निघाली. मात्र श्रोता अजून भिंतीला बांधलेलाच होता. ध्वनी दूरवरून येऊ लागला होता; ऐकणाऱ्याला जागचे हलता येत नव्हते.

५/
आता १८९१ साल. अर्नेस्ट मर्कादिए या फ्रेंच अभियंत्याला अमेरिकेत एक पेटंट मिळाले. टेलिफोन चालवणाऱ्या माणसाचे हात मोकळे राहावेत म्हणून त्यांनी दोन्ही कानांत बसणारा हलका ध्वनिग्राहक रचला. त्याचे वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास होते. त्या काळातील अवजड यंत्रांकडे पाहता हे विलक्षण होते. त्याहून विलक्षण होती ती कानात जाणाऱ्या टोकांवरची रबरी टोपी. तिचे प्रयोजन दुहेरी सांगितले होते : कानाला घर्षण लागू नये आणि बाहेरचे आवाज आत येऊ नयेत. आजच्या खोक्यातील पुडीचा जन्मदाखला तो हाच.

६/
ही कल्पना रुजली मात्र नाही. इतिहास दुसऱ्या वाटेने गेला. १९१० च्या सुमारास अमेरिकेतील युटा प्रांतात नॅथॅनियल बाल्डविन यांनी डोक्यावर पट्टीने बसणारे हेडफोन बनवले आणि अमेरिकी नौदलाने ते विकत घेतले. पुढे रेडिओच्या आरंभकाळात हाच आकार घरोघर गेला. बाल्डविन यांच्या रचनेचे हृदय होते चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तोलून धरलेली लोखंडी पट्टी, म्हणजेच ‘बॅलन्स्ड आर्मेचर’. विद्युतप्रवाह बदलला की पट्टी डोलते आणि तिला जोडलेला पडदा हलतो. थोडक्या शक्तीत बराच आवाज, हे तिचे वैशिष्ट्य. हे नाव ध्यानात ठेवावे. महागड्या इअरफोनच्या जाहिरातीत आजही तेच भेटते.

७/
कान बंद करण्याची विद्या या काळात जपली ती श्रवणयंत्रांच्या कारागिरांनी. ज्याला कमी ऐकू येते त्याच्या कानात मोठा केलेला आवाज सोडायचा, तर फट परवडत नाही. फटीतून बाहेर निसटलेला आवाज मायक्रोफोनमध्ये पुन्हा शिरतो आणि यंत्र शीळ घालू लागते. म्हणून प्रत्येकाच्या कानाचा साचा घेऊन ठोकळा बनवण्याची पद्धत रूढ झाली. ह्यू नोल्स यांनी १९४६ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने याच श्रवणयंत्रांसाठी तोललेल्या पट्टीचे ध्वनिग्राहक तांदळाच्या दाण्याशी तुलना व्हावी इतके लहान करत नेले. संगीतप्रेमींचे या कारखान्यांकडे लक्ष जाण्यास मात्र आणखी काही दशके जायची होती.

८/
फट एवढी महत्त्वाची का? सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट घट्ट धरून दट्ट्या दाबला तर आतला दाब बोटाला जाणवतो. बोट किंचित सैल केले की हवा निसटते आणि दट्ट्या नुसताच खालीवर होतो. इअरफोनचा पडदा हा तसाच चिमुकला दट्ट्या. कर्णनलिका जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब. तिच्यातील थोडीशी हवा बंदिस्त असेल तर एवढासा पडदाही ढोलाचा घुमारा उभा करतो. फट राहिली तर तबल्याच्या डग्ग्यासारखे खालचे स्वर आधी नाहीसे होतात. त्यांची कंपने सावकाश होतात, त्यामुळे हवेला निसटायला वेळ मिळतो. वरच्या स्वरांना फटीची तितकी बाधा होत नाही. म्हणून सैल बसलेला इअरफोन कर्कश वाटतो आणि दोष इअरफोनच्या माथी जातो.

९/
फट राहिली की दुसरी हानी होते. आतला घुमारा बाहेर जातो, तसा बाहेरचा गोंगाट आत येतो. बस, रेल्वे, विमान यांच्या गोंगाटात खालच्या स्वरांचाच भरणा असतो. म्हणजे इअरफोन ज्या स्वरांत दुबळा झाला, नेमक्या त्याच स्वरांत शत्रू प्रबळ होतो. ऐकणाऱ्याच्या हाती एकच उपाय उरतो : आवाज वाढवणे. चालता-फिरता ऐकण्याचा पुढचा अर्धशतकाचा इतिहास हा बहुतांशी आवाज वाढवण्याचा इतिहास आहे.

१०/
१९५४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत रीजन्सी टीआर-१ हा खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ जाहीर झाला. अशा संचांना एका कानाचा लहानसा इअरफोन जोडता येई. श्रोता प्रथमच भिंतीपासून सुटला. भारतातही ट्रान्झिस्टर पसरल्यावर कामाच्या वेळी क्रिकेटचे समालोचन ऐकू पाहणाऱ्यांना तो एका कानाचा इअरफोन परिचयाचा झाला. आवाज किरटा, संगीताला निरुपयोगी. पण बोलणे समजण्यापुरता पुरेसा. १९५८ मध्ये मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी संगीतासाठी स्टिरिओ हेडफोन आणले, तेव्हा दर्जा आला, पण श्रोता पुन्हा घरातल्या खुर्चीत जाऊन बसला. एकीकडे हिंडता येई, दुसरीकडे चांगले ऐकता येई. दोन्ही एकत्र नव्हते.

११/
ती गाठ सोनीने बांधली. विमानप्रवासात संगीत ऐकता यावे अशी संस्थापक मासारू इबुका यांची इच्छा होती. पत्रकारांसाठी बनवलेल्या ‘प्रेसमन’ या छोट्या टेपरेकॉर्डरातून ध्वनिमुद्रणाची सोय काढून टाकून त्याला स्टिरिओ केले गेले. अध्यक्ष अकिओ मोरिता यांनी तो विद्यार्थ्यांच्या उन्हाळी सुटीआधी तयार हवा असा आग्रह धरला. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये वॉकमन विक्रीस आला. किंमत ३३,००० येन. पहिल्या खेपेचे ३०,००० नग बनवले होते. पहिल्या महिन्यात सुमारे ३,००० च विकले गेले. ऑगस्ट संपेपर्यंत मात्र सारा साठा संपला.

१२/
वॉकमनच्या यशात त्याच्या हेडफोनचा वाटा यंत्राइतकाच आहे. तोवरचे हेडफोन ३०० ते ४०० ग्रॅम वजनाचे; सोनीच्या प्रयोगशाळेने हे वजन ५० ग्रॅमच्या घरात आणले. फोमच्या पातळ गाद्या कानावर नुसत्या टेकत. कान उघडा असल्याने तो गरम होत नसे, रस्ता ऐकू येई आणि संगीतही मोकळे वाटे. एकट्याने ऐकणे असभ्यपणाचे ठरेल, या शंकेने मोरितांनी पहिल्या वॉकमनला दोन जणांसाठी दोन छिद्रे ठेवली होती. बोलता यावे म्हणून संगीत दबवणारे एक नारिंगी बटणही होते. लोकांनी मात्र वॉकमन एकट्यानेच ऐकला.

१३/
समाजाला याची धास्ती वाटली. १९८२ मध्ये न्यू जर्सीतील वूडब्रिज या गावाने हेडफोन लावून रस्ता ओलांडण्यास मनाई करणारा नियम केला. १९८४ मध्ये जपानी अभ्यासक शुहेई होसोकावा यांनी वॉकमनमुळे शहरात वावरणारा माणूस कसा बदलतो, यावर बराच चर्चिला गेलेला निबंध लिहिला. चर्चा होती ती माणूस जगापासून तुटण्याची. वास्तविक त्या उघड्या फोममधून जग आत येतच होते आणि त्याला हरवण्यासाठी लोक आवाज वाढवत होते. धोका मनाइतकाच कानालाही होता. त्याकडे लक्ष उशिरा गेले.

१४/
त्याच १९८२ साली सोनीने डोक्यावरची पट्टीही काढून टाकली. एमडीआर-ई२५२ हा इअरफोन कानाच्या खोबणीत नुसता टेकून राही. लहान, हलका, केस न विस्कटणारा. हाच नमुना जगभर नक्कल होत गेला आणि ‘इअरफोन’ म्हणजे हाच, अशी एका पिढीची समजूत झाली. २३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपलने आयपॉड आणला, तेव्हा सोबत आलेले पांढरे इअरफोनही याच उघड्या जातीचे होते. खिशात एक हजार गाणी आली, अनेक तास चालणारी बॅटरी आली. कानातली फट मात्र होती तिथेच राहिली.

१५/
फट बुजवण्याचे काम शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत चालले होते. नोल्स यांच्या कंपनीत दीर्घकाळ काम केलेल्या मीड किलियन यांनी १९८३ मध्ये ‘एटिमोटिक रिसर्च’ ही संस्था काढली. श्रवणचाचणीसाठी कर्णनलिकेत फोमची टोपी घालून ध्वनी सोडणारे त्यांचे इअरफोन १९८० च्या दशकात आले. १९९१ मध्ये संगीतासाठीचा ईआर-४ आला. आत तीच तोललेली पट्टी, तोंडाशी तीच मर्कादिएंची युक्ती. शंभर वर्षांनी वर्तुळ पूर्ण झाले. ईआर-४ महाग होता आणि मोजक्यांनाच ठाऊक होता. पण बंद कानात, कमी आवाजात, बारकाव्यासह ऐकता येते, हे त्याने सिद्ध केले.

१६/
दुसरी वाट रंगमंचावरून आली. रॉक संगीताच्या मंचावर वादकाला स्वतःचे वाद्य ऐकू यावे म्हणून समोर मोठे स्पीकर ठेवत आणि त्यांच्यावर मात करण्यासाठी प्रत्येक जण आपला आवाज चढवी. १९९५ मध्ये ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वे यांनी ढोलवादक ॲलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानाच्या साच्याचे इअरफोन बनवले. त्यातून ‘अल्टिमेट इअर्स’ ही कंपनी उभी राहिली. ज्यांची उपजीविकाच कानांवर अवलंबून होती, त्यांनी कान बंद करून आवाज कमी करण्याची वाट धरली. सामान्य प्रवासी अजून उघड्या कानाने आवाज वाढवत होता.

१७/
येथे थोडे गणित आवश्यक आहे. कामगारांच्या श्रवणरक्षणासाठी अमेरिकेतील आरोग्यसंस्था ‘नायोश’ हिने घालून दिलेली मर्यादा अशी : ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तास. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना यांनी २०१८ च्या मानकात वैयक्तिक श्रवणासाठी याहून कडक मर्यादा सुचवली : प्रौढांना ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, मुलांना ७५ डेसिबल. अंतर्कर्णातील केसपेशी एका कानात सुमारे १५,००० असतात. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

१८/
फटीचा आणि या गणिताचा संबंध ब्रायन फ्लिगर व टेरी आइव्ह्ज यांनी २००६ मध्ये तपासला. शांत खोलीत बहुतेक लोक सुरक्षित आवाजात ऐकत. विमानासारखा गोंगाट सुरू होताच उघडे इअरफोन वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आवाज ८५ डेसिबलच्या वर नेला. बाहेरचा आवाज अडवणारे इन-इअर वापरणाऱ्यांत असे करणारे थोडे निघाले. माणसे तीच, गाणी तीच. टोपी बदलली आणि वर्तन बदलले. कानात खोल जाणारा इअरफोन अधिक घातक, असा एक समज आपल्याकडे पक्का आहे. घातक असते ती आवाजाची पातळी. नीट बसलेला इन-इअर ती खाली आणण्याची सोय करतो. सोय वापरायची की नाही, हे आपल्या हाती.

१९/
शासनांनी दुसरा मार्ग चोखाळला. फ्रान्सने १९९६ च्या कायद्याने खिशातील संगीतयंत्रांच्या आवाजाला १०० डेसिबलची कमाल मर्यादा घातली. पुढे युरोपात ८५ डेसिबलच्या वर जाताना सूचना दाखवणे बंधनकारक झाले. मोबाइलवर आवाज वाढवताना ‘श्रवणाला हानी होऊ शकते’ अशी पाटी येते, तिचे मूळ येथे आहे. जगातील एक अब्जाहून अधिक तरुणांना असुरक्षित श्रवणाचा धोका आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाटी दिसते आणि आपण ‘ठीक आहे’ दाबतो. कारण गाडी धडधडत असते आणि गाणे ऐकू येत नसते.

२०/
आता किमतीकडे वळू. १९८२ ते ८४ या काळात जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि स्वतंत्रपणे अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी निओडिमियमचे प्रबळ चुंबक विकसित केले. यामुळे वाटाण्याएवढ्या घडणीतही जोरकस पडदा बसवता येऊ लागला. पुढे दक्षिण चीनमधील शेन्झेन परिसरात इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची प्रचंड बाजारपेठ उभी राहिली. पडदे, कवच, तारा, टोप्या सारेच तेथे घाऊक मिळू लागले. एके काळी प्रयोगशाळेत आणि रंगमंचावर असलेली बंद कानाची विद्या गेल्या दशकात हजार-दीड हजार रुपयांत येऊन पोहोचली. ज्या वस्तूसाठी पूर्वी महिन्याचा पगार लागे, ती आज एका भोजनाच्या खर्चात मिळते.

२१/
स्वस्त म्हणजे हलके, हा समज कितपत खरा? २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोन आणि इअरफोनची मोजमापे तपासली. कोणता स्वर किती जोराने वाजतो, याचा आलेख आणि किरकोळ किंमत यांत त्यांना परस्परसंबंध आढळला नाही. याचा अर्थ सर्व स्वस्त वस्तू चांगल्या, असा नव्हे. किमतीवरून स्वराचा अंदाज बांधता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जास्त पैशांत घडण, टिकाऊपणा, जोडणी, नाव या गोष्टी मिळू शकतात. त्या हव्या असतील तर जरूर मोजावेत.

२२/
तार की बिनतार, या प्रश्नालाही इतिहास आहे. कानाची तार जोडणारे गोल टोक हे १८७० च्या दशकाअखेरच्या टेलिफोन केंद्रातील टोकाचे वंशज. शतकाहून अधिक काळ हे टोक निरनिराळ्या यंत्रांत चाले. सप्टेंबर २०१६ मध्ये आयफोन-७ मधून ते छिद्र काढले गेले आणि वर्षअखेरीस एअरपॉड आले. बिनतारी इअरफोनमध्ये सुटसुटीतपणा आहे, पण त्यातील इवलीशी लिथियम बॅटरी वापराने क्षीण होत जाते आणि सहसा बदलता येत नाही. तारेचा इअरफोन तार तुटेपर्यंत चालतो. तार सुटी होणारी असेल तर त्यानंतरही. एकाच किमतीत तारेच्या इअरफोनमध्ये पैसा स्वरावर खर्च होतो, बिनतारीत तो बॅटरी, रेडिओ आणि पेटीतही वाटला जातो.

२३/
‘नॉइज कॅन्सलेशन’ हा शब्द आता स्वस्त खोक्यांवरही दिसतो. ध्वनीला त्याच्याच उलट्या लहरीने गप्प करण्याच्या कल्पनेसाठी जर्मन संशोधक पाउल लुएग यांना १९३६ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. १९७८ मध्ये विमानप्रवासात हेडफोनने निराश झालेल्या अमर बोस यांनी तिच्यावर काम सुरू केले. अमेरिकेत जन्मलेल्या बोस यांचे वडील बंगालमधील स्वातंत्र्यलढ्यात होते आणि ब्रिटिशांच्या कारवाईतून निसटून तिकडे गेले होते. १९८९ मध्ये बोस कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट आला. हे तंत्र एकसुरी, खालच्या घरघरीवर उत्तम चालते. शेजारच्या गप्पांवर कमी. आणि इन-इअरमध्ये तेही टोपी घट्ट बसली तरच आपले काम नीट करते.

२४/
बंद कानाची दुसरी बाजू सांगितल्याविना हा इतिहास अपुरा राहील. वूडब्रिजच्या गावकऱ्यांची भीती निराधार नव्हती. जो इअरफोन गोंगाट अडवतो, तो हॉर्नही अडवतो. मुंबईच्या लोकलमध्ये डब्याच्या आत बसलेल्याला बंद कान हे वरदान आहे. रूळ ओलांडणाऱ्याला तोच बंद कान मृत्यूचे कारण ठरू शकतो. रूळ ओलांडूच नयेत हे खरेच. पण फलाटाची कड, रस्ता, सायकल, दुचाकी येथेही दोन्ही कान मोकळे हवेत. आसन मिळाले की कान बंद, पाऊल उचलले की कान उघडे. ही शिस्त कोणत्याही खोक्यात मिळत नाही.

२५/
आता निवड. पहिला निकष बैठकीचा. टोप्यांचे निदान तीन आकार मिळतात का ते पाहावे आणि घरी आल्यावर तिन्ही लावून पाहावेत. दोन कान सारखे नसतात. डाव्याला मधली आणि उजव्याला लहान, असे होऊ शकते. घालताना विरुद्ध हाताने कानाची पाळी किंचित वर व मागे ओढावी, म्हणजे वाकडी नलिका सरळ होते. खालचे स्वर असलेले गाणे लावून इअरफोन बोटाने हलकेच दाबावा. दाबताच घुमारा वाढला तर फट आहे, टोपी बदलावी. कोणतीच रबरी टोपी न जमल्यास फोमची वेगळी घ्यावी. नव्या इअरफोनहून ती कितीतरी स्वस्त पडते.

२६/
दुसरा निकष चालण्याचा. कान बंद झाला की पावलांचे ठोके डोक्यात घुमतात, कारण हाडांतून आलेला ध्वनी बाहेर पडू शकत नाही. तार कपड्याला घासली की तीही ऐकू येते. तार कानावरून मागे वळवून घातली की हे घासणे बरेच कमी होते. म्हणून चालणाऱ्याने तशी घडण पसंत करावी. घाम आणि पाऊस यांच्यासाठी आयपीएक्स-४ हा दर्जा, म्हणजे सर्व बाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण, ही किमान अपेक्षा ठेवावी. आपल्या फोनला गोल छिद्र आहे की फक्त टाइप-सी, हेही आधी पाहून घ्यावे.

२७/
तिसरा निकष, कशाला भुलू नये. पडद्याचा व्यास मोठा म्हणजे आवाज चांगला, असे नाही. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हा आकडा जवळपास प्रत्येक खोक्यावर असतो. त्या पट्ट्यात कोणता स्वर किती दबला वा फुगला, हे तो सांगत नाही. ‘एक्स्ट्रा बेस’ पुष्कळदा सैल टोपीने गेलेला घुमारा भरून काढतो आणि घट्ट बसवल्यावर गाणाऱ्याचा गळा झाकून टाकतो. ज्यांना गायन, भाषण, पुस्तकवाचन ऐकायचे आहे त्यांनी शब्द स्पष्ट कळतात का, एवढेच तपासावे. कान वाहत असेल किंवा दुखत असेल तर कोणताच इन-इअर घालू नये; आधी वैद्याला दाखवावे.

२८/
या साऱ्या इतिहासातून एक साधी चाचणी हाती लागते. घरी शांत खोलीत आवडेल इतका आवाज ठरवावा आणि फोनवरची ती पातळी लक्षात ठेवावी. दुसऱ्या दिवशी बसमध्ये वा लोकलमध्ये तीच पातळी ठेवून ऐकावे. गाणे कळत असेल तर निवड उत्तम. किंमत काहीही असो. थोडासा आवाज वाढवावा लागला तर टोपी बदलून पाहावी. खूपच वाढवावा लागत असेल, तर तो इअरफोन कितीही नावाजलेला असला तरी प्रवासासाठी आपला नव्हे.

२९/
मर्कादिएंनी १८९१ मध्ये सांगितलेली गोष्ट जगाने शतकभर बाजूला ठेवली आणि तिची भरपाई आवाज वाढवून केली. ती भरपाई कोणाच्या कानांतून झाली, याचा हिशेब कोठेच लिहिलेला नाही. आज ती युक्ती प्रत्येक खोक्यात फुकट मिळते.

धागा येथे संपतो. आपल्या दोन्ही कानांना एकाच आकाराची टोपी बसते की वेगवेगळी, ते आज तपासून प्रतिसादात जरूर लिहा. आणि घरात कोणी लोकलने रोज ये-जा करत असेल, तर हा धागा त्यांच्यापर्यंत पोहोचवा.